सस्पेन्स खात्यातला मासा

बँकेत 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. नावावरून वाटतं तसं त्यात रहस्य वगैरे काही नसतं. एखादी रक्कम येते किंवा जाते, पण ती नेमकी कोणाच्या नावावर टाकायची हे त्या दिवशी ठरत नाही. तेव्हा ती तात्पुरती या खात्यात ठेवायची आणि ठरलं की तिथून उचलून योग्य जागी टाकायची, एवढाच त्याचा उपयोग. यातला 'तात्पुरती' हा शब्द महत्त्वाचा. आपल्या देशात तात्पुरत्या गोष्टींना जेवढं आयुष्य लाभतं, तेवढं कायमच्या गोष्टींना लाभत नाही. मग तपासनीस येतो, पहिलं बोट नेमकं याच खात्यावर ठेवतो आणि विचारतो, "ही नोंद कधीची?" आपण चष्मा पुसायला घेतो.

माझ्या संसारातही असं एक खातं होतं आणि त्यात बावीस वर्षं एकच नोंद पडून होती. मासा.

खुलासा करतो. आमचे तीर्थरूप, म्हणजे अण्णा, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. आम्ही राहतो भवानीनगरला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा ऊसपट्टा. छत्रपती साखर कारखान्याच्या हंगामावर इथली लग्नं ठरतात, उधाऱ्या फिटतात आणि नव्या होतात. पण अण्णांचं कॅलेंडर कारखान्याचं नाही, पंढरीचं. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मग ती आमच्या भवानीनगरावरून सणसरच्या मुक्कामाला जाते. त्या दिवशी अण्णा पहाटे तीनला उठून अंघोळ करतात. आम्हीही उठतो, कारण अण्णा अंघोळ करताना गातात.

अशा घरात मला माशाची आवड. नुसती आवड नव्हे, ओढ. आणि नियतीची थट्टा अशी, की आमच्यापासून पाऊण तासाच्या अंतरावर भिगवण! उजनीच्या जलाशयाच्या काठावरचं हे गाव माशांच्या बाजारासाठी साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध. परदेशातले पक्षी हजारो मैल उडून तिथे मासे खायला येतात, आणि मी पाऊण तास स्कूटर हाणू नये?

मी हाणत होतो. बावीस वर्षं, जवळजवळ दर रविवारी. घरी कारण सांगायचं, "शाखेत वर्षअखेरीचं काम आहे." आमच्या बँकेचं वर्ष महिन्यातून चार वेळा संपत असे. हायवेवरच्या खानावळीत ताट मागवायचं, तुकडा तोंडात टाकताना डोळे मिटायचे, उठल्यावर लिंबू चोळून हात धुवायचे, वर बडीशेप आणि त्यावर पान. गळिताच्या हंगामात एवढीही दगदग नसे. हवेतच असा गुळचट वास भरलेला असतो, की त्यात एका गरीब कारकुनाचा मासा सहज खपून जातो.

आता कोणी म्हणेल, हा खोटेपणा झाला. मी म्हणायचो, हा आदर आहे. अण्णांना वाईट वाटू नये म्हणून मी लपवतो. म्हणजे लपवण्याचा त्रास माझा आणि मनःशांती त्यांची. नावे माझ्या खाती, जमा त्यांच्या खाती. वाणिज्य शाखेचा पदवीधर याहून उदात्त काय विचार करणार?

या बाबतीत थोरामोठ्यांचे दाखलेही मी तपासून ठेवले होते. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा आणि एका अर्धवट खऱ्या वाक्यापायी तो खाली टेकला. पण माझी स्कूटर मुळातच जमिनीवरून चालते, खड्ड्यांतून तर जमिनीच्याही खालून. तेव्हा ती आणखी कुठे टेकणार? मला तो धोका नव्हता.

दुसरा दाखला आमच्या कन्येनं पुरवला. वाणिज्य शाखेच्या बापाच्या पोटी येऊन ती पुण्यात तत्त्वज्ञान शिकते. तिनं सांगितलं, की जर्मनीत कान्ट नावाचे गृहस्थ होऊन गेले आणि १७९७ साली त्यांनी एक निबंध लिहिला. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, दारात खुनी उभा राहून विचारतोय, "तो आत आहे का?" तरीसुद्धा खोटं बोलायचं नाही, असं कान्टसाहेबांचं म्हणणं.

"पण माझ्या केसमध्ये दारात खुनी नाही, तुझे आबा आहेत," मी म्हणालो.

"बरोबर. आणि लपवलेला मित्र?"

"मासा."

"त्याचा खून कोणी केला, पप्पा?"

मुलांना फार शिकवू नये असं माझं मत त्या दिवसापासून झालं.

पण खरा तपास पुढेच होता. दिवाळीच्या सुट्टीत कन्या घरी आली ती एक बेत घेऊन. "या वेळी मी सगळ्यांसाठी जेवण करणार. ट्रॉपिकल फिश बाऊल. घरी करणार."

"घरी?" सौभाग्यवतींच्या हातातून झारा पडला.

"म्हणजे काय असतं ते?" मी विषयाला बगल द्यायला विचारलं.

ती म्हणाली, एका मोठ्या वाडग्यात तळाशी भात, त्यावर अननस, काकडी, कांद्याची पात, दाणे, आणि सगळ्यात वर कडक तव्यावर झटकन परतलेला मासा. ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण कटिबंधातल्या बेटांवर खातात तसं.

मी भूगोलात कच्चा नाही. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर. ते गुजरात, मध्य प्रदेशातून जातं, महाराष्ट्राला शिवतसुद्धा नाही. आपण सगळेच्या सगळे त्याच्या दक्षिणेला. भवानीनगर साधारण १८ अंशांवर. म्हणजे मी जन्मल्यापासून जे पिठलं-भाकरी खात आलो तीसुद्धा ट्रॉपिकलच झाली! हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "मग तर प्रश्नच मिटला. आपल्या घरात शोभेल."

स्वतःच्याच युक्तिवादाखाली माणूस असा सापडतो.

सौभाग्यवतींनी अटी घातल्या. एक, मासा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. परसात शेगडी मांडायची. दोन, तवा वेगळा, उलथनं वेगळं, आणि ते पुन्हा घरात येणार नाही. तीन, वार बघायचा. सोमवार शंकराचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. बुधवारी एकादशी आली. तेव्हा रविवार.

"आणि मामंजींना काय सांगायचं?" सौभाग्यवतींनी शेवटी तो प्रश्न विचारलाच.

मी लगेच माझ्या अनुभवाचं गाठोडं सोडलं. अण्णांना त्या दिवशी सणसरला पाहुण्यांकडे पाठवता येईल. परसाचं दार लावून घेता येईल. उदबत्त्या लावता येतील. अगदीच वेळ आली तर शेजाऱ्यांचं नाव घेता येईल. बावीस वर्षांचा अभ्यास होता.

कन्या ऐकत होती. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही आबांना कधी विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"हेच. चालेल का म्हणून."

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. बावीस वर्षांत कारणं शेकड्यांनी सुचली, पण विचारावं हे सुचलं नाही. आणि मी तोंड उघडायच्या आत ती ओसरीवर पोचलीसुद्धा. मी दाराआड उभा राहिलो, घामाघूम होऊन. या वयात!

"आबा, रविवारी मी परसात मासा करणार आहे. तुमच्यासाठी तोच भात, तीच सगळी तयारी, पण वर सुरणाचे काप. चालेल तुम्हाला?"

अण्णांनी तपकिरीची डबी बंद केली. "समदं एका भांड्यात कालवायचं म्हंता?"

"हो."

"म्हंजी काला की गं! ज्यानं त्यानं आपापली शिदोरी आणायची, अन् एकात कालवून संगती बसून खायचं. करा की. मला कशापायी इचारती?"

"तुमची माळ आहे ना."

"माळ माज्या गळ्यात हाय. तुज्या गळ्यात हाय का?"

एवढंच. बावीस वर्षांच्या वर्षअखेरी पाच वाक्यांत निकालात निघाल्या. मी दाराआडून हळूच मागे सरकलो आणि कोपऱ्यातल्या मुसळाला पाय लागून पडलो.

रविवारी सकाळी मी आयुष्यात प्रथमच सांगून सवरून भिगवणला गेलो. पिशवी डिकीत न लपवता हँडलला लावून आणली. आणली ती चिलापी. पाककृतीत समुद्राचा मासा होता, पण समुद्र आमच्यापासून एवढा लांब, की तिकडचा मासा इथवर यायचा म्हणजे त्याला वाटेत पेन्शन लागायची. चिलापी म्हणजे तिलापिया. ही बया मूळची आफ्रिकेची. १९५२ साली आपल्या देशात आणली आणि मग पाहुणी म्हणून आलेली घरची मालकीण होऊन बसली. आता उजनीत बघावं तिकडे हीच. काट्यांची कटकट कमी, म्हणून कन्येला पसंत.

भात इंद्रायणीचा, थोडा चिकट, वाडग्यासाठी उत्तम. त्यात अर्धं पाणी, अर्धं नारळाचं दूध. इंद्रायणी नदी तुळापूरला भीमेला मिळते. आमच्याकडे इंद्रायणीचा भात आणि भीमेचा मासा वाडग्यात मिळणार होते. बाकी हिशेब मांडला तर अननस अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, मिरचीही तिकडचीच, पोर्तुगिजांनी आणलेली. इतकी परदेशी मंडळी बिनतक्रार एका भांड्यात नांदायला तयार होती. कुरकुर फक्त माझ्या मनात होती.

परसात शेगडी पेटली. बिडाचा तवा तापला. तुकड्यांना हळद, मीठ, लिंबू लावून ठेवलं होतं. कन्या म्हणाली, "आता फडक्यानं कोरडे करा, ओला तुकडा तव्याला धरतो. तेल थोडंच, आच मोठी. पप्पा, पाच मिनिटं तुम्ही बघा, मी अननस भाजते."

मी तुकडा तव्यावर ठेवला. चर्र झालं. आणि बघा, बावीस वर्षांची चोरून खायची सवय! चोराला दम कुठला? दहा सेकंदांत मी उलथनं खाली घातलं. तुकडा तव्याला घट्ट. जोर केला. अर्धा तुकडा वर आला, अर्धा तव्यालाच राहिला.

"हालवू नगं."

मी दचकून मागे पाहिलं. अण्णा परसाच्या दारात बाजेवर बसले होते, पाठ आमच्याकडे करून. तव्याकडे बघत नव्हते. नुसतं ऐकत होते.

"त्येला धरू दे. पापुद्रा धरला की आपसूक सुटतो. वढलं की फाटतं."

दुसरा तुकडा ठेवला. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तव्याचा आवाज आधी चरचरीत होता, मग बारीक झाला. "आता," अण्णा पाठमोरेच म्हणाले. मी उलथनं लावलं, आणि तुकडा पानावरून थेंब निसटावा तसा सुटला. खालून तांबूस, कुरकुरीत. कन्या आनंदली. चव त्या तांबूस पापुद्र्यातच असते, ती म्हणाली. आत रस कोंडला जातो वगैरे लोक म्हणतात ते खरं नाही.

"अण्णा, तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"भीमंच्या काठाला जन्म गेला माजा. वाम धरायचो, मरळ धरायचो. तुजी आज्जी चुलीवर भाजायची."

हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. आमचं मूळ गाव भीमेकाठी. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, पाणी चढलं आणि गाव त्यात गेलं. मी तेव्हा पाळण्यात. मला ते गाव म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं एक नाव. अण्णांनी माळ घातली ती इकडे आल्यावर दोन वर्षांनी. मी ती नेहमी भक्तीच्या खात्यावर धरत आलो होतो.

"अण्णा, माळ त्यापायी घातली का?" मला राहवलं नाही.

"माळ माळंपायी घातली," ते म्हणाले आणि तपकीर ओढली. तपासनीसालासुद्धा काही नोंदी दाखवल्या जात नाहीत.

पंगत ओसरीवर बसली. चार वाडगी. तिघांच्या वाडग्यांत वर मासा, अण्णांच्या वाडग्यात सुरणाचे काप. मी पाटावर बसलो, अण्णांच्या उजव्या हाताला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"आज रविवार हाय न्हवं?"

"हो, मामंजी."

"मग ह्यो घरी कसा?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होते. आणि हातातला घास तसाच धरून मी हिशेब करायला लागलो. बावीस वर्षं, वर्षाचे बावन्न रविवार. सणवार, श्रावण, आजारपण वजा केलं तरी हजाराच्या आसपास पंगती. त्या प्रत्येक पंगतीत अण्णांच्या उजव्या हाताचा पाट मांडलेलाच नव्हता. मी समजत होतो, की त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी मासा लपवतो. मासा लपला होता, शंका नाही. पण माशाबरोबर मुलगाही गेला होता, आणि ती रक्कम मी कुठल्याच खात्यात दाखवली नव्हती. आदराच्या नावाखाली मी वाचवली होती ती माझी एका प्रश्नाची भीती. किंमत मात्र अण्णांच्या खात्यातून वळती होत होती, दर रविवारी दुपारी एक वाजता.

"बँकेला सुट्टी आहे, अण्णा," मी म्हणालो. बावीस वर्षांतलं पहिलं खरं वाक्य.

कन्या मोबाइलवर वाचून दाखवत होती, की चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन फिरते; तेवढे दिवस ती जवळजवळ उपाशीच असते, पिल्लांना धोका नको म्हणून. अण्णा ऐकत होते. मग माझ्या वाडग्याकडे बोट करून विचारलं, "कुठल्या अंगाची ही?"

"भिगवणच्या बाजारातली."

"आपल्या गावाच्या अंगाची आसंल. शेवाळ खाती ती. आपल्या जोत्यावरलं खाऊन वाढली आसंल."

पलसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक बघायला जातात. देऊळ दगडाचं, म्हणून येतं. आमचं घर पांढऱ्या मातीचं. ते वर येत नाही. हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, आणि घास तोंडापाशीच अडला. उंबऱ्यावर चरलेला मासा खायचा की नाही, याबद्दल कान्टसाहेबांनी काही लिहिलं आहे का, ते कन्येला विचारायला हवं होतं.

अण्णांनी माझ्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं.

"खा की," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्सं ऱ्हातीया फुकाट आपल्या घरात. भाडं तरी वसूल हुईल."

आणि आपल्या वाडग्यातला सुरणाचा काप मोडून त्यांनी भातात कालवला. आम्ही चौघांनी ते ट्रॉपिकल जेवण संपवलं. अण्णांना अननस आवडला नाही. भात दोनदा घेतला.

खोटं आणि आदर यांचा संबंध काय, यावर मी आता व्याख्यान देणार नाही. सगळं खरं सगळ्यांना सांगत सुटावं, असंही माझं मत नाही. तसं केलं तर बँकेत एक ग्राहक उरायचा नाही. एवढंच कळलं, की समोरच्याला काय सोसवेल हे आपण परस्पर ठरवतो तेव्हा बहुधा आपल्याला काय सोसवणार नाही हेच ठरवत असतो. आणि ज्याच्या नावावर नोंद आहे, त्याला विचारल्याखेरीज ती लावू नये, हा बँकेचा साधा नियम मला घरात बावीस वर्षं आठवला नाही.

तवा अजून परसातच आहे. सौभाग्यवती त्याला घरात येऊ देत नाहीत. त्यांचं सस्पेन्स खातं त्यांनी स्वतंत्र ठेवलं आहे, आणि मी त्यात बोट घालत नाही.

पुढल्या रविवारी सकाळी मी स्कूटरची किल्ली शोधत होतो. अण्णा ओसरीवरून म्हणाले, "आज वर्षअखेर हाय का रं?"

"नाही, अण्णा. भिगवणला चाललोय. साडेबाराला परत येतो."

"ये," ते म्हणाले. "पाट मांडून ठेवाय सांगतो."